निअँडरथल आणि आपण: माणूसपणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निअँडरथल म्हणजे नेमके कोण? ते आपले पूर्वज होते का?

निअँडरथल ही माणसाचीच एक शाखा होती. सुमारे ४ लाख ते ४० हजार वर्षांपूर्वीच्या काळात ही माणसे पोर्तुगाल आणि स्पेनच्या किनाऱ्यापासून पश्चिम आशियामार्गे सायबेरियातील अल्ताई पर्वतापर्यंत पसरलेली होती. त्यांची आणि आपली वंशशाखा साधारण साडेपाच ते साडेसात लाख वर्षांपूर्वी एकमेकींपासून वेगळी झाली असावी, असे जनुकीय हिशेबावरून दिसते. वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंत चालत आलेल्या आकृत्यांची जी रांग आपण लहानपणापासून पाहतो, तिच्यात निअँडरथलांना आपल्या एक पाऊल मागे उभे करणे म्हणूनच चुकीचे आहे. ते आपले चुलत भाऊबंद होते आणि आपली जात, म्हणजे होमो सेपियन्स ही मानवजात, आफ्रिकेत घडत असताना ते युरोप-आशियात आपल्या पद्धतीने नांदत होते. पुढे दोन्ही शाखांची गाठ पडली आणि त्यांच्यात संतती झाली. त्यामुळे आज आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसाचे ते अल्पांशाने पूर्वजही आहेत.

त्या काळी पृथ्वीवर माणसांच्या याच दोन शाखा होत्या असेही नाही. अल्ताई पर्वतातील डेनिसोव्हा गुहेत सापडलेल्या बोटाच्या एका हाडाच्या डीएनएवरून २०१० साली डेनिसोव्हन ही आणखी एक शाखा ओळखली गेली. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर आणि फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरही लहान चणीची वेगळी माणसे राहत होती. पृथ्वीवर आपण एकटेच माणूस आहोत ही स्थिती गेल्या काही दहा हजार वर्षांतलीच आहे, आणि मानवी इतिहासाच्या मोठ्या पटावर तीच अपवादाची ठरते.

त्यांचा शोध कसा लागला आणि त्यांना इतकी वर्षे रानटी का समजले गेले?

१८५६ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहराजवळच्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीतील मजूर फेल्डहोफर गुहेतली माती उपसत होते. तेव्हा त्यांना कवटीचा वरचा भाग आणि काही हाडे मिळाली. ती अस्वलाची असावीत असे त्यांना वाटले, परंतु योहान कार्ल फुलरोट या स्थानिक शिक्षकाने ती पाहताच त्यांचे महत्त्व ओळखले आणि बॉन येथील शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान शाफहाउझेन यांच्याबरोबर हा शोध विद्वानांपुढे मांडला. बेल्जियम आणि जिब्राल्टर येथे अशा कवट्या त्याआधीच सापडल्या होत्या, पण त्या कोणाच्या हे कोणाला उमगले नव्हते. फेल्डहोफरच्या हाडांवरूनही वाद झाले. नेपोलियनविरुद्धच्या लढायांतला, मुडदूस झालेला हा कोणी कोझॅक घोडेस्वार असावा, असे एका प्राध्यापकांनी सुचवले. रुडॉल्फ फिरखोव यांच्यासारख्या मातब्बर रोगशास्त्रज्ञाने ही हाडे आजारामुळे विकृत झाल्याचे मत दिले. अखेर १८६४ साली विल्यम किंग यांनी ‘होमो निअँडरथलेन्सिस’ हे शास्त्रीय नाव दिले आणि वेगळ्या मानवजातीची कल्पना प्रथमच अधिकृतपणे पुढे आली.

रानटीपणाचा शिक्का मात्र मुख्यतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का बसला. १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सें येथे एका वयस्क पुरुषाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. पुराजीवशास्त्रज्ञ मार्सलां बूल यांनी त्याचा जो आराखडा मांडला, त्यात हा माणूस गुडघे वाकलेला, मान पुढे आलेली आणि चालताना खुरडणारा असा दिसत होता. हेच चित्र संग्रहालयांत आणि वर्तमानपत्रांत रूढ झाले. १९५७ साली विल्यम स्ट्रॉस आणि ए. जे. ई. केव्ह यांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा त्याच्या मणक्यांत संधिवाताने मोठी झीज झालेली आढळली आणि निअँडरथल आपल्यासारखेच ताठ चालत, हे त्यांनी दाखवून दिले. एका आजारी, वृद्ध माणसावरून अख्ख्या मानवजातीचे चित्र काढले गेले होते.

ही चूक केवळ हाडे जुळवण्याची नव्हती. त्याच काळात युरोपातील विद्वान वसाहतींतील लोकांच्या कवट्या मोजून त्यांना उतरंडीवर बसवत होते. निअँडरथलांना ‘खालच्या’ पायरीवर ठेवणारी दृष्टी आणि माणसामाणसांत पायऱ्या पाडणारी दृष्टी एकच होती. इथे मराठी वाचकांनी इरावती कर्वे यांचे स्मरण अवश्य करावे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेवर डॉक्टरेट केली. या असमानतेचा वंशाच्या श्रेष्ठत्वाशी संबंध असावा, ही मार्गदर्शकांची धारणा होती. इरावतीबाईंना आपल्या मोजमापांत तसा संबंध आढळला नाही आणि त्यांनी तो नाही असेच लिहिले. हाडे जे सांगतात तेवढेच लिहायचे, ही शिस्त निअँडरथलांच्या बाबतीत पाळली जायला आणखी काही दशके जावी लागली.

ते आपल्यापेक्षा कमी बुद्धिमान होते का?

मेंदूच्या आकारमानावर बुद्धी ठरवायची झाली, तर निअँडरथल आपल्या बरोबरीचे किंवा किंचित पुढचे ठरतील. फरक कवटीच्या घडणीत आहे. आपली कवटी गोलसर, तर त्यांची लांबट आणि बसकी, भुवयांवर हाडाची जाड कड असलेली होती. या घडणीचा विचारशक्तीशी नेमका काय संबंध आहे यावर संशोधन चालू आहे, त्यामुळे त्यांच्या हातांनी केलेल्या कामाकडे पाहणे अधिक भरवशाचे आहे.

दगडाच्या गाभ्याला आधी काळजीपूर्वक आकार देऊन मग एकाच अचूक घावात हव्या त्या मापाचे छिलके काढण्याची लेव्हाल्वा ही पद्धत त्यांना चांगली अवगत होती. या पद्धतीत शेवटचा घाव पहिल्या घावाच्या आधीच डोक्यात ठरलेला असावा लागतो. दगडी पाते लाकडी दांड्याला चिकटवण्यासाठी ते भूर्जाच्या सालीपासून डांबरासारखा चिकट पदार्थ काढत; इटलीतील कांपितेल्लो येथे असे डांबर लागलेली सुमारे २ लाख वर्षांपूर्वीची हत्यारे मिळाली आहेत. हे डांबर मिळवण्याच्या सोप्या आणि अवघड अशा दोन्ही पद्धती प्रयोगांतून दाखवल्या गेल्या असल्यामुळे त्यावरून बुद्धीचे फार मोठे अनुमान काढू नये, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. फ्रान्समधील आब्री द्यु मारास येथे २०२० साली प्रसिद्ध झालेला शोध आम्हाला अधिक बोलका वाटतो. तिथे एका दगडी हत्याराला चिकटलेला, झाडाच्या आतल्या सालीच्या तंतूंचा, तीन पदरी वळलेल्या दोरीचा सूक्ष्म तुकडा सापडला. तो ४० ते ५० हजार वर्षांपूर्वीचा आहे. ज्यांनी पदर एका दिशेने आणि दोरी उलट्या दिशेने वळली, त्यांना कोणते झाड कोणत्या ऋतूत सोलावे हेही माहीत असणार. दोरी आली म्हणजे पिशव्या, जाळी आणि गाठीही शक्य झाल्या, पण त्या कुजून जातात. प्रागैतिहासिक जीवनाचा बहुतेक भाग असा कुजणाऱ्या वस्तूंचा होता आणि आपल्या हाती केवळ दगड उरला, म्हणून ते सारे युग ‘अश्मयुग’ झाले, हे या विषयाच्या प्रत्येक विधानाबरोबर लक्षात ठेवायला हवे.

ते काय खात असत? फक्त मांस?

मांस भरपूर खात. जर्मनीतील शोनिंगेन येथे सापडलेले लाकडी भाले साधारण २ ते ३ लाख वर्षांपूर्वीचे असून त्यांच्यासोबत घोड्यांची असंख्य हाडे मिळाली. त्याच देशात नॉयमार्क-नॉर्ड येथे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी निअँडरथलांनी सरळ सुळ्यांचे महाकाय हत्ती मारून पद्धतशीर कापल्याच्या खुणा आहेत. एवढे मांस एका छोट्या टोळीला महिनोन्‌महिने पुरावे, म्हणून एक तर मोठे समूह एकत्र येत असावेत किंवा मांस साठवण्याची काही युक्ती त्यांना ठाऊक असावी. त्याच ठिकाणी १७०हून अधिक मोठ्या प्राण्यांची हाडे बारीक फोडून, पाण्यात तापवून त्यांतील चरबी काढल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले आहे.

वनस्पतीही त्यांच्या आहारात होत्या. दातांवर साचलेल्या कीटणात शिजलेल्या पिष्टाचे कण सापडले आहेत. इराकच्या कुर्दिस्तानातील शानिदार गुहेत, सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीच्या थरात जळालेल्या अन्नाचे जे तुकडे मिळाले, त्यांत भिजवून भरडलेली रानटी कडधान्ये होती, असे २०२२च्या एका अभ्यासातून दिसले. कडधान्याचा कडवटपणा आणि अपायकारक अंश भिजवल्याने कमी होतो. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी, आपल्या जातीच्याही नसलेल्या कोणी हे ज्ञान कमावले होते.

आजारी आणि अपंग माणसांची ते काळजी घेत असत, याला पुरावा काय?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे आम्ही मानतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

राल्फ सोलेकी यांनी १९५०च्या दशकात शानिदार गुहेचे उत्खनन केले, तेव्हा मिळालेल्या सांगाड्यांपैकी ‘शानिदार १’ या नावाने ओळखला जाणारा सांगाडा एका पुरुषाचा आहे. मृत्यूसमयी तो चाळिशीत असावा आणि त्या काळाच्या मानाने हे म्हातारपणच होते. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला कधीकाळी एवढा जबर आघात झाला होता की डावा डोळा बहुधा निकामी झाला असावा. उजवा हात वाळून बारीक झाला होता आणि कोपरापासून पुढचा भाग नव्हता. पायालाही दुखापत होती. २०१७ साली एरिक ट्रिंकॉस आणि सेबास्तियां व्हिलोट यांनी त्याच्या कानांच्या मार्गात वाढलेली हाडे तपासून त्याला ऐकूही फारसे येत नसावे, असे दाखवले. या सगळ्या जखमा मृत्यूच्या कितीतरी वर्षे आधी भरून आलेल्या आहेत. श्वापदांच्या मुलखात एका हाताचा, एका डोळ्याचा, लंगडणारा, बहिरा माणूस अनेक वर्षे जगला, याचा अर्थ त्याच्या अन्नाची, संरक्षणाची आणि वाटचालीची चिंता दुसरे कोणी वाहत होते.

लहान मुलांची उदाहरणे याहून विचार करायला लावणारी आहेत. स्पेनमधील कोवा नेग्रा गुहेतून निघालेल्या एका मुलाच्या कानाच्या हाडाचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्या मुलाला ‘टीना’ असे नाव दिले आहे. आतल्या कानाची घडण डाउन सिंड्रोमशी जुळते. त्यामुळे ऐकू कमी येणे आणि तोल जाणे हे त्रास असणारच. हे मूल किमान सहा वर्षांचे झाले होते. टांझानियातील माहाले येथे अशाच लक्षणांचे चिंपांझीचे एक पिल्लू अभ्यासकांनी पाहिले होते. आई आणि बहीण यांनी सांभाळूनही ते सुमारे दोन वर्षांपलीकडे जगले नाही. ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या सिमा दे लॉस उएसोस या स्पेनमधील खोल कपारीत, निअँडरथलांच्या आद्य पूर्वजांमध्ये, कवटीची हाडे वेळेआधी जुळून डोक्याचा आकार बिघडलेल्या एका मुलाचे अवशेष आहेत. तेही किमान पाच वर्षे जगले होते.

या पुराव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ला शापेलच्या वृद्धाचे बरेच दात पडलेले होते, म्हणून इतर जण त्याला घास चावून देत असतील, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण अन्न ठेचून, शिजवून मऊ करता येते आणि दात गमावलेले वानरही कधीकधी जगतात. तेवढ्यावरून सेवेची कथा रचू नये. टीना किंवा शानिदारच्या पुरुषाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे एकाच देहात इतक्या अडचणी एकत्र आल्या होत्या की एकट्याने जगणे शक्य नव्हते. टीनाकडून शिकारीत मदत मिळणार नव्हती, पुढे परतफेडही होणार नव्हती. तरीही त्या मुलाला जपले गेले. करुणा ही संस्कृती किंवा धर्म यांनी आपल्याला शिकवली असे आपण समजत आलो. ती आपल्या जातीहूनही जुनी आहे असे ही हाडे सांगतात.

ते मृतांना पुरत असत का? फुलांच्या कबरीची गोष्ट खरी आहे का?

अनेक गुहांत सांगाडे ज्या स्थितीत मिळाले आहेत, त्यावरून निदान काही निअँडरथल समूह काही मृतांना मुद्दाम पुरत होते असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. फुलांची गोष्ट मात्र जपून घ्यावी. ‘शानिदार ४’ या सांगाड्याभोवतीच्या मातीत परागकणांचे पुंजके मिळाले आणि मृताला फुलांच्या शय्येवर ठेवले होते, ही कल्पना जगभर लोकप्रिय झाली. पुढे बिळे करणारे उंदरासारखे प्राणी आणि मातीत घरटी करणाऱ्या मधमाश्या या दोहोंमुळेही असे पराग तिथे येऊ शकतात, हे दाखवले गेले. त्याच गुहेत अलीकडे पुन्हा उत्खनन झाले आणि ‘शानिदार झेड’ हा नवा सांगाडा मिळाला. एकाच जागी, एका मोठ्या शिळेजवळ, वेगवेगळ्या वेळी मृतांना आणून ठेवले जात असावे, असे त्यावरून दिसते. फुले गेली तरी आपल्या माणसांना त्याच जागी परत परत नेण्याची ही रीत उरते, आणि आमच्या मते तिचे मोल फुलांपेक्षा कमी नाही.

त्यांना बोलता येत होते का?

बोलणे जीवाश्मात उरत नाही, म्हणून अप्रत्यक्ष खुणा पाहाव्या लागतात. १९८३ साली इस्राएलच्या केबारा गुहेत जिभेच्या मुळाशी असणारे नालाच्या आकाराचे छोटे हाड मिळाले. ते आपल्या हाडासारखेच आहे. वाणीशी संबंध असलेल्या फॉक्सपी-२ जनुकात आपल्याकडे जे दोन बदल आहेत, तेच त्यांच्याकडेही होते. २०२१च्या एका अभ्यासात त्यांच्या कानाच्या घडणीवरून ते ज्या ध्वनिलहरी उत्तम ऐकत, त्यांचा पट्टा आपल्या बोलण्याच्या पट्ट्याशी जुळतो असे आढळले. व्याकरण, काळ, कथा हे सारे त्यांच्याकडे होते की नव्हते हे यातून सिद्ध होत नाही. मात्र लेव्हाल्वा पद्धतीसारखे कौशल्य शेकडो पिढ्या पुढे जात राहिले, ते काहीच न बोलता केवळ पाहून शिकत गेले असतील, हे मानणे कठीण आहे.

ते चित्रे काढत होते का?

स्पेनमधील ला पासिएगा, माल्त्राविएसो आणि आर्दालेस या गुहांतील लाल खुणांवर साचलेल्या चुन्याच्या थराचे वय २०१८ साली ६४ हजार वर्षांहून अधिक आले. त्या वेळी आपली जात तिथे पोहोचलेली नव्हती, म्हणून त्या खुणा निअँडरथलांच्या ठरतात. परंतु कालमापनाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले असून हा वाद मिटलेला नाही. क्रोएशियातील क्रापिना येथे सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या, कापल्याच्या आणि घासल्याच्या खुणा असलेल्या गरुडाच्या नख्या मिळाल्या आहेत. त्या अंगावर मिरवण्यासाठी असाव्यात.

सर्वांत थक्क करणारी जागा मात्र फ्रान्समधील ब्रुनिकेल गुहा आहे. तिथे तोंडापासून ३३६ मीटर आत, जिथे सूर्यप्रकाशाचा कणही पोहोचत नाही अशा दालनात, गुहेच्या तळावरचे चुन्याचे लवणस्तंभ तोडून, जवळपास ४०० तुकडे रचून मोठी वर्तुळे केलेली आहेत. ती सुमारे १ लाख ७६ हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि त्या वेळी युरोपात निअँडरथलच होते. काही तुकड्यांवर आग पेटवल्याच्या खुणा आहेत. कोणी उजेड धरला असेल, कोणी स्तंभ तोडले असतील, कोणी वाहून आणले असतील. एवढ्या आत येऊन राहण्याचा किंवा शिकारीचा काहीच फायदा नव्हता. त्यांनी हे कशासाठी केले याचे उत्तर त्या दगडांत नाही. पोटापलीकडच्या एखाद्या हेतूसाठी पुष्कळ जणांनी मिळून कष्ट करावेत, एवढे मात्र त्यांत स्पष्ट दिसते.

ते एकमेकांना मारून खात असत हे खरे आहे का?

काही ठिकाणी खरे आहे. स्पेनमधील एल सिद्रोन आणि बेल्जियममधील गोये येथील मानवी हाडांवर मांस कापल्याच्या आणि मज्जा काढण्यासाठी फोडल्याच्या खुणा आहेत. त्यामागे उपासमार, वैर की विधी होता हे ठरवणे अवघड आहे. जखमी माणसाला वर्षानुवर्षे जपणारे आणि माणसाला कापून खाणारे एकाच मानवजातीचे होते. आपल्या जातीच्या इतिहासातही दोन्ही गोष्टींचे पुरावे आहेत.

त्यांची कुटुंबे कशी होती?

सायबेरियातील चागिर्स्काया आणि ओक्लाद्निकोव्ह या गुहांतील १३ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत एक पिता आणि त्याची किशोरवयीन मुलगी ओळखता आली. निअँडरथलांमध्ये बाप-लेकीचे नाते प्रथमच असे सिद्ध झाले. टोळ्या दहा-वीस जणांच्या होत्या आणि पुरुषांकडून आलेल्या जनुकांपेक्षा आईकडून आलेल्या जनुकांत वैविध्य अधिक होते. याचा अर्थ बहुतेक स्त्रिया दुसऱ्या टोळीतून येत असत. मुलीने माहेर सोडून जाण्याची ही रीत एवढी जुनी असू शकते, हे वाचताना प्रत्येक मराठी वाचकाच्या मनात काही ना काही उमटेल. मात्र एका टोळीवरून साऱ्या निअँडरथल समाजाचा नियम सांगता येत नाही, आणि जुनी रीत म्हणजे योग्य रीत असाही अर्थ त्यातून निघत नाही.

आज आपल्यात त्यांचा अंश किती आहे? मराठी माणसातही आहे का?

आहे. जनुकशास्त्रज्ञ स्वांते पाबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यतः क्रोएशियातील विंदिया गुहेतल्या हाडांवरून २०१० साली निअँडरथल जीनोमचा, म्हणजे त्यांच्या संपूर्ण डीएनएचा, पहिला आराखडा प्रसिद्ध केला. हजारो वर्षांत तुकडे तुकडे झालेला, जिवाणूंच्या आणि हाताळणाऱ्या माणसांच्या डीएनएने भरलेला नमुना स्वच्छ करून वाचण्याच्या या कामासाठी पाबो यांना २०२२चे नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या जीनोममध्ये साधारण १ ते २ टक्के भाग निअँडरथलांकडून आलेला आहे. ही देवाणघेवाण मुख्यतः ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वी झाली, असे २०२४च्या संशोधनातून दिसते. रुमानियातील ओआसे गुहेतल्या सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा निअँडरथल पूर्वज तर केवळ चार ते सहा पिढ्यांमागचा होता. डेनिसोव्हा गुहेतील एका मुलीची आई निअँडरथल आणि वडील डेनिसोव्हन होते.

भारतीयांच्या बाबतीत ही कथा विशेष रंजक आहे. २,७००हून अधिक भारतीयांच्या जीनोमवर आधारलेला मोठा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक भारतीयातील निअँडरथल अंश इतरांइतकाच थोडा असला, तरी वेगवेगळ्या भारतीयांत वेगवेगळे तुकडे टिकलेले असल्यामुळे त्यांचे एकूण वैविध्य जगात सर्वाधिक असल्याचे त्यात आढळले. हे सारे तुकडे एकत्र केले तर निअँडरथल जीनोमचा जवळपास अर्धा भाग जुळवता येतो.

या वारशाचा आपल्या आरोग्याशी थेट संबंध असल्याचे कोविडच्या काळात कळले. ह्यूगो झेबर्ग आणि पाबो यांनी २०२० साली दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरील निअँडरथलांकडून आलेला एक तुकडा कोविडमध्ये गंभीर आजाराचा धोका वाढवतो. दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांकडे तो आहे, तर युरोपात सुमारे १६ टक्क्यांकडे. पूर्वीच्या एखाद्या साथीत तो उपयोगी पडल्यामुळे इथे वाढला असावा, असा तर्क आहे. बाराव्या गुणसूत्रावरचा त्यांच्याकडूनच आलेला दुसरा तुकडा मात्र संरक्षण देतो. कोणाचा आजार किती गंभीर होईल हे वय, इतर व्याधी आणि वेळेवर मिळणारे उपचार यांवर कितीतरी अधिक अवलंबून असते, म्हणून या माहितीचा अर्थ नशीब असा लावू नये.

मग ते नाहीसे का झाले? आपण त्यांना संपवले का?

साधारण ४१ ते ३९ हजार वर्षांपूर्वी युरोपातील त्यांच्या खुणा थांबतात. काही चकमकी झाल्या असतील, पण संहाराचा पुरावा नाही. त्यांची संख्या मुळातच फार कमी होती. अल्ताईतील एका स्त्रीचे आईवडील सावत्र भावंडांइतके जवळचे नातलग होते. फ्रान्समधील मांद्रें येथे सापडलेला ‘थोरिन’ नावाचा निअँडरथल ज्या समूहातला होता, तो समूह शेजारी इतर निअँडरथल असूनही सुमारे ५० हजार वर्षे जनुकीयदृष्ट्या अलग राहिला. हवामान वारंवार बदलत असताना अशा विखुरलेल्या, एकमेकांत न मिसळणाऱ्या छोट्या टोळ्या एकेक करून विझत गेल्या असाव्यात आणि उरलेल्यांपैकी काही आपल्यात मिसळल्या असाव्यात.

यावरून आपण जात्याच श्रेष्ठ होतो असे समजू नये. जर्मनीतील रानिस आणि चेकियातील झ्लाटी कून येथे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या आसपास राहणारी माणसे आपल्याच जातीची होती. त्यांचा वंशही पुढे उरला नाही.

मग आपले वेगळेपण कशात आहे?

पूर्वी याची उत्तरे झटपट दिली जात: हत्यारे, अग्नी, भाषा, करुणा, अंत्यविधी, कला. वर पाहिल्याप्रमाणे यांतली बहुतेक उत्तरे आता टिकत नाहीत. जैविक फरक आहेत. उदाहरणार्थ, टीकेटीएल-१ या जनुकातील एका बदलामुळे मेंदूच्या पुढच्या भागात चेतापेशी अधिक निर्माण होत असाव्यात, असे प्रयोगशाळेतील काम २०२२ साली प्रसिद्ध झाले. पण एका जनुकात माणूसपण शोधणे हे पुन्हा कवटी मोजण्यासारखेच होईल.

आम्हाला अधिक पटणारे उत्तर टोळ्यांमधील संबंधांचे आहे. निअँडरथलांचे दगड बहुतांशी आसपासच्या मुलखातले असत. त्यांच्यानंतर युरोपात आलेल्या आपल्या पूर्वजांकडे शेकडो किलोमीटरवरचे शिंपले आणि दगड पोहोचलेले दिसतात. शंखमण्यांची माळ अनोळखी माणसाला आपण कोणाचे आहोत हे सांगते. आपल्या टोळीतल्या दुर्बळाला जपणे निअँडरथलांनाही साधले होते. कधी न पाहिलेल्या दूरच्या टोळीशी नाते जोडणे, तिच्याकडून शिकणे आणि संकटात तिच्याकडे जाऊ शकणे हे आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक साधले असावे. हा निष्कर्ष सिद्ध झालेला नाही, पण आजच्या पुराव्याशी तो सर्वांत चांगला जुळतो.

भारतात किंवा महाराष्ट्रात निअँडरथल होते का?

भारतात निअँडरथलांचे हाड अद्याप सापडलेले नाही. त्यांचे आपल्याला सर्वांत जवळचे ज्ञात ठिकाण मध्य आशियात, उझबेकिस्तानातील तेशिक-ताश येथे आहे. १९८२ साली अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे जी कवटी मिळाली, ती पुरातन मानवाची आहे, पण तिला निअँडरथल म्हणता येत नाही. उष्ण आणि दमट हवेत हाडे आणि डीएनए दोन्ही लवकर नष्ट होतात, त्यामुळे आपल्याकडचा अभ्यास मुख्यतः दगडी हत्यारांवर उभा आहे.

तो अभ्यास मात्र मोठा आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५०च्या दशकात प्रवरेकाठच्या नेवासे येथे पुराश्मयुगाचे थर उलगडले आणि तिथल्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांमुळे भारतात या टप्प्याला ओळख मिळाली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या राखेच्या वयावर दीर्घकाळ वाद चालला. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी मध्य पुराश्मयुगीन तंत्राचे वय सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षे असल्याचे २०१८ साली दाखवले. आपली जात भारतात येण्याच्या फार पूर्वीचा हा काळ आहे. म्हणजे ही हत्यारे घडवणारे हात आपल्या जातीचे असण्याची शक्यता फारच कमी आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे मिळालेले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा हे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे असून ते आपल्याच जातीच्या माणसांचे आहेत. अशी हत्यारे पाहायची असतील, तर पुण्यातील डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयाला भेट द्यावी, आणि शेतात किंवा नदीपात्रात अशी वस्तू आढळल्यास ती न हलवता, जागेची नोंद करून पुरातत्त्व विभागाला कळवावे, कारण थरापासून सुटलेल्या दगडाचे वय नंतर सांगता येत नाही.